मालीशवालीची निवड आणि खाड्याचे पैसे

साथ आली म्हणून बाळंतपणं पुढे ढकलता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी करोनाला महासाथ म्हटलं, आणि तिथपासूनच्या चाळीस आठवड्यांत भारतात दोन कोटींवर बाळं जन्माला येतील असा अंदाज युनिसेफने त्याच वर्षी मे महिन्यात दिला. त्यांतली जी पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या फ्लॅटांत आली, त्यांच्या घरी एक प्रश्न हमखास निघाला असणार: मालीशवाल्या मावशींना बोलवायचं का? आणि बोलवायचंच तर कोणाला?

सरकारकडे याचं उत्तर नव्हतं. 28 जून 2020 पासून राज्यात केशकर्तनालयांना मुभा मिळाली, तीही रेघ आखून: केस कापणं, रंगवणं चालेल, त्वचेशी संबंधित सेवा चालणार नाहीत. पुढे जून 2021 मध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर केले तेव्हा स्पामध्ये किती गिऱ्हाइकं घ्यायची तेही ठरलं. घरोघर फिरून बाळ-बाळंतिणीचं करणारी बाई मात्र यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. ती पार्लर नाही, नर्स नाही, धुणंभांडीवाल्यांतही तिला धरत नाहीत. तिचा निकाल सोसायटीच्या कमिटीने, सासूबाईंनी आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यांनी लावला.

एरवी ही निवड कशी होते? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात स्वतःला ‘मसाज थेरपिस्ट’ म्हणवायला कायद्याने नोंदणी करावी लागते. तक्रार आली तर ती नोंदणी जाऊही शकते. आपल्याकडे प्रमाणपत्र म्हणजे शेजारच्या इमारतीतली आधीची बाळंतीण. मावशींचा हात हलका आहे की जड, बाळ पायावर घेतल्यावर रडतं का, वेळ पाळतात का, घरातल्या गोष्टी बाहेर सांगतात का, एवढी चौकशी झाली की सव्वा महिन्याचा आकडा ठरतो. ही पद्धत वाईट नाही. हाताची पारख कागदावरून होत नाही, आणि या बायकांपैकी अनेकींना बाळाची मान, टाळू, बेंबी यांबद्दल जे कळतं ते नवख्या आईबापांना पुस्तकातून कळायला वेळ लागतो.

2020 मध्ये या चौकशीत एक प्रश्न वरती जाऊन बसला: त्या राहतात कुठे? वस्तीचं नाव ऐकूनच आजाराचा निर्णय होऊ लागला. मुंबईच्या तीन वॉर्डांत जुलै 2020 मध्ये रक्ततपासणीची जी पाहणी झाली, तिच्यात झोपडपट्टीतल्या सुमारे 57 टक्के आणि इमारतींतल्या सुमारे 16 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. आकडा छापून आला तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘बघा, तिकडेच आहे सगळं’ असा लावला. खरं तर प्रतिपिंडं होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असतात. म्हणजे जिला पाहून फाटकावरचा वॉचमन दोन पावलं मागे सरत होता, तिला तो आजार कदाचित आधीच होऊन गेला होता. आणि ज्या घरात ती चालली होती तिथली माणसं अजून कोरी होती. हा आजार महाराष्ट्रात दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या पर्यटकांबरोबर प्रथम उघडकीला आला, हे त्या वॉचमनला कोणी सांगितलं नसावं.

पत्त्यावरून जोखीम ठरत नाही, तर मग कशावरून ठरते? मला वाटतं, सगळ्यात आधी खोलीवरून.

पहिलं वर्षभर आपण हातांच्या मागे लागलो. जागतिक आरोग्य संघटनेनेच 28 मार्च 2020 रोजी हा विषाणू हवेतून पसरत नसल्याचं ठासून सांगितलं होतं, तेव्हा घरोघरी भाज्या धुतल्या गेल्या यात नवल नाही. हवेतला प्रसार मान्य व्हायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तोवर मावशी फाटकावर कपाळाला तापमापी लावून घेत, हातांवर सॅनिटायझर घेत, कधी पर्सवरही फवारा मारून घेत. आणि एवढं सोवळं आटोपल्यावर जात कुठे, तर बाळंतिणीच्या खोलीत.

ती खोली डोळ्यांसमोर आणा. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. पंखा बंद. डोक्याला रुमाल, कानात कापूस. जुन्या वळणाचं घर असेल तर खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा. मग मोरीत कढत पाणी, कोंडलेली वाफ. मालीश करणारी बाई ओणवी होऊन अंगाचं बळ लावते, तिला धाप लागते, तिचा श्वास खाली पडलेल्या बाईच्या तोंडावर येतो आणि तिचा हिच्या. तास-दीड तास हे चालतं. हवेतून पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अशा खोलीत मावशींचे हात साबणाने किती वेळा धुतले याला फारसा अर्थ उरत नाही. खिडकी उघडी आहे का, याला फार अर्थ आहे.

आणि नेमकी तीच गोष्ट घरातली मोठी माणसं सहजी करू देत नाहीत. मास्क चालतो, सॅनिटायझर चालतं, मावशींना आल्या आल्या अंघोळ करायला लावणंही चालतं. खिडकीचं नाव काढलं की ‘बाळंतवात होईल’. मला या समजुतीची थट्टा करायची नाही. उघड्यावाघड्या ओल्या अंगाला गार झोत नको, हे ठीकच आहे. पण खिडकी उघडी ठेवून पांघरूण घेता येतं, मालीश हवेशीर बैठकीच्या खोलीत पडदा लावून करता येते, आणि शेगडी तर करोना नसतानाही बंद खोलीत नकोच. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळंतिणीची पर्वा करत नाही.

मास्कबद्दल एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मे 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी, एका केशकर्तनालयातल्या दोघी लक्षणं असतानाही काम करत राहिल्या. त्यांच्या हाताखालून 139 गिऱ्हाइकं गेली. दोघींच्या तोंडाला मास्क होते, जवळपास सगळ्या गिऱ्हाइकांच्याही होते. जी 67 गिऱ्हाइकं तपासणीला तयार झाली, त्यांच्यातलं एकही बाधित निघालं नाही. त्याच वेळी दोघींपैकी एकीच्या घरची आणि जवळची चार माणसं मात्र आजारी पडली. हे वाचून मला हायसं वाटलं, तरी त्याची उडी किती हे पाहायला हवं. निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांची तपासणी झालीच नाही, आणि केस कापायला पंधरा ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. घामाने भिजलेला कापडी मास्क लावून बंद खोलीत दीड तास राबणं वेगळं. शिवाय त्या दोघी आजारी असताना कामावर आल्याच का, हा प्रश्न उरतोच. त्याच्याकडे येतो.

जोखीम तोलताना आपण बहुधा चुकीच्या माणसाची काळजी करतो. घरात सगळ्यांचे डोळे बाळावर असतात. करोनात बहुतेक बाळांना आजार सौम्य झाला. मदतीला गावाहून आलेली, मधुमेह असलेली आजी मात्र त्याच फ्लॅटमध्ये असते आणि तिला कोणी विचारत नाही. आणखी एक म्हातारी हिशेबात मुळीच येत नाही: मावशींची सासू, दहा बाय दहाच्या खोलीत झोपणारी. समजा मावशी दिवसाला चार घरं करतात. प्रत्येक घर मानतं की धोका मावशींकडून आपल्याकडे येतो. मावशींच्या बाजूने पाहिलं तर चार घरांतून चार वाटांनी तो त्यांच्याकडे येतो, आणि त्या चार घरांपैकी एकानेही स्वतःच्या घरातला ताप त्यांना कळवायचं बंधन मानलेलं नसतं.

मग सगळं बंदच ठेवावं का? स्पर्श तोडण्यालाही किंमत असते. मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि लंडनच्या संशोधकांनी कमी वजनाच्या बाळांबद्दल हिशेब मांडला: आईच्या छातीशी बाळ ठेवण्याची कांगारू पद्धत सर्वत्र पाळली तर सव्वा लाखाहून अधिक जीव वाचतील, आणि त्यातून करोना होऊन जाणारे जीव दोन हजारांच्या आत असतील. हा हिशेब आईचा आहे, पगारी मालीशवालीला तो जसाच्या तसा लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण दोन्ही पारड्यांत काहीतरी असतं, एवढं त्यातून घ्यावं. रात्र रात्र जागणाऱ्या, पाठ भरून आलेल्या, माहेर लॉकडाउनपलीकडे राहिलेल्या मुलीला रोज तासभर कोणीतरी आपलं करतंय, ही गोष्ट चैनीची नाही. बाळाचं तेल-पाणी मात्र आईबापांना शिकून घेता येतं. बापांनी शिकावंच, मावशींचा खोलीतला वेळ त्याने निम्मा होतो.

आता निवडीकडे. माझ्या मते चांगली मालीशवाली ओळखायची एक कसोटी साथीच्या आधीही होती, साथीने ती फक्त उघडी पाडली: ती हात कधी लावत नाही? बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, आणि करोनानेही रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती चोळायची नसते; गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. जी बाई अशी पोटरी पाहून तेलाची वाटी खाली ठेवते आणि आधी डॉक्टरांना दाखवा म्हणते, तिचा हात हलका आहे की जड हे नंतर पाहू. सिझेरियनच्या पोटाला हात न लावणारी, बाळाला ताप असताना अंघोळ नको म्हणणारी, आणि स्वतःचा घसा धरला असताना फोन करून ‘आज नको’ म्हणणारी, ही एकच बाई असते.

पण ‘आज नको’ म्हणणं तिला परवडतं का? आपल्याकडे खाडा कापतात. आली नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि दोन-तीन खाडे झाले की दुसरी बाई. असं घर तिला ताप आला की गोळी घेऊन यायला शिकवतं, आणि वर तिच्या स्वच्छतेबद्दल तक्रार करतं. कायद्याचाही आधार नाही. ज्या साथरोग कायद्याने 2020 मध्ये राज्य बंद झालं तो 1897 चा, मुंबईच्या प्लेगमधून जन्मलेला, मूळचा अवघ्या चार कलमांचा. त्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे, आदेश देणाऱ्याला संरक्षण आहे. काम थांबलेल्याच्या मजुरीबद्दल शब्द नाही. घरकामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, एप्रिल 2021 मध्ये दीड हजार रुपये जाहीरही झाले, पण नोंदणी असलेल्यांना. सव्वा महिन्याला घरं बदलणाऱ्या बाईने मालक म्हणून कोणाचं नाव सांगायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं म्हणून हा विषय संपत नाही. जगातले सुमारे पाव क्षयरोगी भारतात आहेत, क्षयही हवेतूनच पसरतो, बंद खोली त्यालाही आवडते आणि तान्ह्या बाळाला तो करोनापेक्षा किती तरी जड जातो. तेव्हा दोन आठवड्यांहून जुना खोकला आहे का, हे मावशींना विचारावं. आणि आपल्या घरात कोणाला आहे का, हे न विचारता सांगावं. सव्वा महिन्याचा आकडा ठरतो त्याच बैठकीत हेही ठरावं की आजारपणाचे खाडे कापले जाणार नाहीत, आणि आमच्या घरी कोणाला ताप आला म्हणून आम्ही ‘येऊ नका’ म्हटलं तर त्या दिवसाचेही पैसे मिळतील.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मग ती खोटं सांगून दांड्या मारेल. मारेलही एखादी. एका खोट्या दांडीचे पैसे आणि खऱ्या तापाने आजीजवळ काढलेला एक तास, यांत महाग काय पडतं हे बारशाला हॉल घेणाऱ्या घराने आपलं आपण मांडून पाहावं.