वचनासाठी एक वही



तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत आपल्यापैकी पुष्कळ जण पाळीवर जातात. पाळी संपली की घरी निघण्याअगोदर लॉगबुक भरावे लागते. कोणते यंत्र कुरकुरत होते, कोणता व्हॉल्व्ह बंद ठेवला आहे, पुढच्या माणसाने कशाकडे लक्ष द्यायचे, हे सारे त्यात येते. पुढच्या पाळीचा माणूस आधी ते वाचतो, मग कामाला हात घालतो. ‘लक्षात राहील’ या भरवशावर तिथे काम चालत नाही, कारण विसरलेली एक गोष्ट कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

देवाच्या वचनाबाबत मात्र आपण ‘लक्षात राहील’ यावरच विसंबतो. रविवारी मिस्सामध्ये शुभवर्तमान ऐकताना मन हेलावते आणि सोमवारी पहाटे पालघर-बोईसरला गाडी पकडेपर्यंत ते कोणते शुभवर्तमान होते हेही आठवत नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेले बी पाखरांनी टिपून नेले, तसेच हे. म्हणून आज आपण एका साध्या सवयीचा विचार करू : बायबल वाचताना शेजारी एक वही ठेवणे.

ही काही नवी टूम नव्हे. अनुवाद या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात इस्राएलच्या राजाला आज्ञा आहे की, गादीवर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी. कशासाठी? त्याचे मन आपल्या बांधवांपेक्षा उंच चढू नये म्हणून.

1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस नावाच्या सरदाराचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात पडल्या पडल्या त्याने शौर्यकथा मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे मिळाली. वाचता वाचता तो उतरून घेऊ लागला. प्रभूचे शब्द लाल शाईने आणि पवित्र मरियेचे निळ्या शाईने, अशी सुमारे 300 पाने त्याने लिहिली. ती वही लिहिता लिहिताच सरदाराचा संत होऊ लागला.

त्याच संत इग्नेशियसच्या येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 साली गोव्यात प्रथम छापला गेला. त्या काळच्या छापील प्रती पुढे नाहीशा झाल्या. पण भाविकांनी हाताने उतरून ठेवलेल्या पोथ्या उरल्या आणि त्यांच्याच आधारे 1907 साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापता आला. छापलेले हरवले, लिहून ठेवलेले टिकले!

आता वहीत काय लिहावे? पाच मिनिटे पुरेत. तारीख घाला. अध्याय आणि ओवी लिहा. मनाला लागलेले एकच वाक्य उतरवा. मग त्याखाली लिहा : हे वचन आज मला काय सांगते? मी काय करणार? शेवटी दोन ओळींची प्रार्थना.

यातला ‘मला’ हा शब्द महत्त्वाचा. समजा, आपण मत्तयचा 18वा अध्याय वाचतो आहोत. भावाला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्र विचारतो. प्रभूचे उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. ‘देव क्षमाशील आहे’ असे लिहिणे सोपे. त्यासाठी वही कशाला हवी? पण ‘मी कोणाला क्षमा करायची आहे?’ असे लिहिले की हात थांबतो. बांधाच्या वादावरून ज्या सख्ख्या भावाशी बोलणे सोडले, त्याचे नाव पेनाच्या टोकाशी येऊन अडते. नाव लिहवत नसेल, तर जागा कोरी ठेवा आणि तारीख घाला. ती कोरी ओळ ही देखील प्रार्थनाच आहे. पुढच्या वेळी वही उघडाल तेव्हा तीच ओळ आपल्याला विचारील, ‘अजून नाही?’ ऐकलेल्या प्रवचनातून निसटता येते. स्वतःच्या अक्षरातून निसटणे कठीण.

म्हणूनच ही वही दुसऱ्यांची पापे मोजण्यासाठी नाही. आणि घरात एकमेकांची वही कोणी चोरून वाचू नये!

रविवारची शुभवर्तमाने तीन वर्षांच्या चक्रात येतात : मत्तय, मार्क, लूक. आज ऐकलेला उतारा तीन वर्षांनी पुन्हा येईल. तेव्हा जुनी वही काढा. नोकरी गेल्याच्या महिन्यात काय लिहिले होते? मूल आजारी असताना काय मागितले होते? संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथात स्मृतीचा खोल विचार केला, तो देवाचा शोध घेताना. संकटाच्या दिवशी देव कोठे होता हे त्या दिवशी दिसत नाही. मागे वळून वाचताना दिसते. लॉगबुक पुढच्या माणसासाठी असते. आपल्या वहीतला पुढचा माणूस म्हणजे तीन वर्षांनंतरचे आपणच.

बोईसरमध्ये कितीतरी प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. वही आपापल्या मातृभाषेत लिहा. मराठी, कोंकणी, वारली, मल्याळम, हिंदी, देवाला सर्व भाषा कळतात. शुद्धलेखन तो तपासत नाही. ज्या आजींना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहावे. त्यात दोघांचेही बायबल वाचन होईल.

संत लूक आपल्या दुसऱ्या अध्यायात दोनदा सांगतो की, मरियामातेने साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. तिचे अंतःकरण हीच तिची वही होती. आपली अंतःकरणे विसराळू आहेत, म्हणून कागदाचा आधार घेऊ. या आठवड्यात एक शंभर पानी वही घेऊ या आणि आजच्या शुभवर्तमानाची एक ओळ पहिल्या पानावर लिहू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू