शिकारीची हौस आणि सापळ्याचें कर्तव्य

शिकारी म्हटला कीं बंदूक रोखून बसलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तो एक क्षण इतका ठळक असतो कीं, वर्षाच्या उरलेल्या दिवसांत हा मनुष्य काय करीत असेल, असा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. आपल्याकडे तर तो येण्याचें कारणही फारसें उरलेलें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची शिकार बंद झाली, आणि तेव्हांपासून शिकारीविषयींचीं आपलीं मतें आयतीं तयार झालेलीं आहेत. शिकार म्हणजे क्रौर्य, एवढें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु ज्या देशांत ती अद्यापि कायदेशीर आहे, आणि लक्षावधि कुटुंबवत्सल गृहस्थांचा तो दरसालचा परिपाठ आहे, त्या देशाकडे नीट पाहिलें म्हणजे हा निकाल इतक्या झटपट देतां येत नाहीं. आम्हांस येथें अमेरिकेच्या दक्षिण भागाविषयीं, मुख्यतः टेक्ससविषयीं लिहावयाचें आहे. आणि तेंही शिकारीच्या हंगामाविषयीं नव्हे, तर हंगाम सरल्यावर त्या रानांत जें कांहीं चालतें त्याविषयीं.

टेक्ससमधील शेंकडा नव्वदांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. हरणांच्या शिकारीसाठीं मालक आपलें रान सालोसाल भाड्यानें देतो, आणि शहरांतले चार-सहा गृहस्थ मिळून तें घेतात. हंगाम साधारणपणें नोव्हेंबरांत सुरू होऊन जानेवारींत संपतो. मग कामें निघतात. थंडीच्या अखेरीस वारा पाहून वाळलें गवत ठरवून पेटवावयाचें, म्हणजे त्याच जागीं कोवळा फुटवा येतो. खिळखिळीं झालेलीं मचाणें ठोकावयाचीं, झाडोऱ्यानें बुजलेल्या वाटा मोकळ्या करावयाच्या, पाणवठ्याचा गाळ काढावयाचा. उन्हाळ्याच्या तोंडीं चवळी पेरावयाची, शरदांत ओट, गहूं आणि क्लोव्हर नांवाचा चारा. हीं पिकें कापावयाचीं नसतात. हरणांनीं खावीं म्हणूनच तीं पेरलेलीं असतात. शिवाय जागोजागीं मक्याचीं पिंपें उभीं केलेलीं असतात, व त्यांना जोडलेलें घड्याळ ठरलेल्या वेळीं थोडा थोडा मका जमिनीवर उधळतें. हरणांवर रोखावयाची बंदूक या सर्व महिन्यांत कपाटांत पडून असते.

हा सगळा खटाटोप शेवटीं मारण्यासाठींच ना, असें वाचक विचारतील. जत्रेचा बोकड पोसणाराही त्याच्यापुढें पाला प्रेमानेंच टाकतो. हें साम्य खोटें नाहीं. पण तें पुरेंही नाहीं. बोकडाचा धनी बोकड पोसतो, हा मनुष्य रान पोसतो. त्याच्या गोळीला बळी पडणारीं हरणें थोडीं, आणि त्याच्या पेरणीवर, त्याच्या पाणवठ्यावर जगणारे इतर जीव अगणित. विसाव्या शतकाच्या आरंभीं साऱ्या अमेरिकेंत पांढऱ्या शेपटीचीं हरणें अवघीं पांच लाखांच्या आसपास उरलीं होतीं, असा अंदाज आहे. आज तीं सुमारें तीन कोटी आहेत. बाजारासाठीं होणारी कत्तल कायद्यानें थांबली, हंगाम ठरले, आणि १९३७ मध्यें बंदुका व काडतुसें यांवरचा कर वन्य प्राण्यांच्या पुनर्वसनासाठीं राखून ठेवणारा कायदा झाला. त्या करापैकीं बराचसा ज्यांनीं भरला, ते शिकारीच होते.

याहून बोलकें उदाहरण जॉर्जिया व फ्लॉरिडा यांच्या सीमेवरचें आहे. उत्तरेकडील धनिकांनीं तेथें बॉबव्हाइट नांवाच्या लाव्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठीं मोठमोठालीं रानें घेऊन ठेवलीं होतीं. पक्षी कमी होऊं लागले, तेव्हां त्यांचा शोध घेण्याचें काम हर्बर्ट स्टॉडर्ड यांजकडे आलें. त्यांचा ग्रंथ १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. वणवा हा जंगलाचा शत्रु, असें त्या वेळचे सरकारी वनाधिकारी मानीत. स्टॉडर्ड यांनीं उलट दाखवून दिलें कीं, जपून लावलेल्या आगीवांचून हा पक्षीही राहणार नाहीं आणि तें रानही राहणार नाहीं. लांब सुयांच्या पाइनचें अरण्य पूर्वीं त्या प्रदेशांत सुमारें नऊ कोटी एकर पसरलेलें होतें. त्याचा आज फार थोडा अंश शिल्लक आहे. आणि त्या अंशांतले कांहीं उत्तम जुने तुकडे याच शिकारी रानांत सांपडतात. आपल्याकडेही दाजीपूरचें रान कोल्हापूरच्या राजांनीं शिकारीसाठीं राखलें होतें. म्हणूनच १९५८ मध्यें त्याचें अभयारण्य करण्याजोगें तें उरलें. हौसेनें रान राखलें, हें नाकबूल करण्यांत प्रामाणिकपणा नाहीं.

परंतु त्याच हौसेची दुसरी बाजू पाहावयाची तर डुकराकडे वळावें लागतें.

डुक्कर हें अमेरिकेचें मूळचें जनावर नव्हे. १५३९ मध्यें हेर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां वाटेवरचें चालतें अन्न म्हणून त्यानें डुकरें बरोबर आणलीं होतीं. पुढें वसाहतवाल्यांनीं आपलीं डुकरें रानांत चरावयास मोकळीं सोडलीं, व त्यांतलीं कित्येक रानटी झालीं. येथपर्यंत पोटाची गोष्ट होती. १८९० च्या सुमारास ऑस्टिन कॉर्बिन या धनिकानें न्यू हँपशायरमधील आपल्या शिकारबागेंत युरोपांतलीं खरीं रानडुकरें आणून सोडलीं. १९१२ मध्यें उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत आणखी एका हौशी गृहस्थानें तोच प्रयोग केला, आणि कांहीं वर्षांनीं तीं कुंपण मोडून निघून गेलीं. आज तिसांहून अधिक राज्यांत या मिश्र संततीचा संचार आहे. एकंदर संख्या साठ लाखांच्या वर असावी, असें सरकारी खातें सांगतें. मादी वर्षाची होण्यापूर्वींच विण्यायोग्य होते. पावणेचार महिन्यांत तिला पांच-सहा पिलें होतात. कळपांची संख्या वाढूं नये एवढ्यासाठींच दरवर्षीं सुमारें दोन-तृतीयांश डुकरें काढावीं लागतात, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे.

हीं डुकरें रात्रींतून शेत नांगरल्यासारखें उखडतात. जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं खातात. ओकचीं फळें हरणांच्या आधीं वेंचून नेतात. शिकाऱ्यानें हरणांसाठीं मक्याचें पिंप उभें करावें, आणि त्याखालीं डुकरांच्या कळपानें जेवून जावें, हा तर नित्याचा प्रकार. यावर उपाय म्हणून पिंपाभोंवतीं सुमारें अडीच फूट उंचीचें कुंपण घालतात. हरीण तें सहज ओलांडतें, डुकराला तें ओलांडतां येत नाहीं. पंक्तिभेदाची इतकी बोलकी खूण आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं. दोन्ही जनावरें भुकेलीं, दोन्ही शेवटीं मारावयाचींच. एकाला मात्र आमंत्रण, दुसऱ्याला अडसर. आणि ज्याला अडसर, त्याला या देशांत आणलें कोणीं? माणसानेंच. पाप एकानें करावें, प्रायश्चित्त दुसऱ्यानें घ्यावें, आणि त्या प्रायश्चित्तांत प्राण तिसऱ्याचा जावा, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. डुक्कर मारावयाचें ठरलें, तर तें कोणत्या भावनेनें मारलें याला कांहीं महत्त्व आहे काय? पुष्कळ जण म्हणतील, मरणाऱ्याला काय फरक पडतो? मारणाऱ्याला आनंद झाला काय किंवा दुःख झालें काय, गोळी तीच. आम्हांस मात्र येथें इतिहासानें एक अनपेक्षित उत्तर दिलें आहे असें वाटतें. टेनेसी राज्यानें १९९९ मध्यें, डुकरें आटोक्यांत यावींत म्हणून, त्यांची शिकार राज्यभर खुली केली. झालें उलटें. डुकराची शिकार मौजेची ठरतांच, जेथें डुकरें नव्हतीं तेथेंही तीं दिसूं लागलीं. कारण हौशी लोकांनीं गाड्यांत घालून तीं आपल्या जवळच्या रानांत नेऊन सोडलीं. २०११ मध्यें राज्याला तें धोरण फिरवून ती मौजच बंद करावी लागली. मिसूरीच्या वनखात्यानें २०१६ मध्यें आपल्या जमिनींवर हौशी शिकाऱ्यांना डुकरें मारण्यास मनाई केली. एकदोन मारलीं कीं बाकीचा कळप उधळून चहूंकडे पांगतो, आणि मग सापळाही लावतां येत नाहीं. टेक्ससांत तर २०११ च्या कायद्यानें हेलिकॉप्टरांतून डुकरें टिपण्यासाठीं पैसे भरून जागा घेतां येतात. उपद्रवाचा नायनाट म्हणावयाचें, आणि त्याचीं तिकिटें विकावयाचीं! २०१७ मध्यें त्याच राज्यांत विषारी खाद्य वापरण्याची योजना निघाली, तेव्हां विरोध करणाऱ्यांत शिकारी पुढें होते. विष इतर जनावरांच्या व माणसांच्या पोटांत जाईल, ही त्यांची भीति रास्त होती. परंतु शिकारच संपली तर काय, ही काळजी तींत मुळींच मिसळलेली नव्हती असें मानणें कठीण आहे.

हौसेला आपलें भक्ष्य टिकावें असें वाटतें. हरणाच्या बाबतींत हीच इच्छा रक्षक ठरली. डुकराच्या बाबतींत तीच घातक ठरली. हेतु हा मारणाऱ्याच्या मनांतला खासगी डाग नसून, तो रानाच्या भवितव्यांत उतरतो. आपल्या शास्त्रकारांना हें अगदींच अज्ञात नव्हतें. मनूनें राजाच्या कामज व्यसनांत मृगया पहिली गणली आहे. म्हणजे तेथें आक्षेप हिंसेवर नसून नादावर आहे. कौटिल्य द्यूतापेक्षां मृगया बरी म्हणतो, व्यायाम होतो म्हणून. प्राण्याचें काय होतें, हा प्रश्न दोघांनींही तेथें विचारलेला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

मग उरतो सापळा. त्यांत मौज कसलीही नाहीं. थंडी सरतां सरतां रानांतलें खाणें संपतें, तेव्हां मजबूत जाळीचें मोठें वर्तुळ उभें करतात व दार उघडें ठेवून आंत मका टाकतात. पहिल्या रात्रीं एखादें धीट डुक्कर आंत येतें, मग दोन, मग पिलें. सापळा लावणारा कित्येक दिवस कांहींच करीत नाहीं. तो केवळ खायला घालतो, आणि झाडावर बसविलेल्या कॅमेऱ्यांतून मोजतो. कळपांतलें एकूण एक जनावर आंत आल्याशिवाय दार पाडावयाचें नाहीं, हा नियम. कारण बाहेर राहिलेलें डुक्कर पुन्हां कधीं सापळ्याजवळ येत नाहीं, आणि कळप पुन्हां वाढतो. आतां तर घरीं बसून मोबाइल फोनवरून दार पाडतां येतें. गोळी मात्र बहुधा सकाळीं स्वतः जाऊनच घालावी लागते.

हा विश्वासघात नव्हे काय? वालीनें रामाला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता. लपून मारणें हा कोणता धर्म? रामाच्या उत्तरांत असें एक कारण आहे कीं, माणसें पशूंना जाळ्यांनीं, फांसांनीं, लपून पकडतात, मग ते पळत असोत कीं निःशंक उभे असोत. त्यांत दोष नाहीं. हें उत्तर पुष्कळांना खटकत आलें आहे, व आम्हांसही तें पुरेसें वाटत नाहीं. जाळें टाकणारा निदान पशूचा विश्वास संपादन करीत नाहीं. सापळेवाला तो रोज मका घालून मुद्दाम निर्माण करतो. परंतु याच न्यायानें हरणाचा शिकारीही सुटत नाहीं, कारण मक्याच्या पिंपापाशीं येणारें हरीण मचाणावरून मारणें टेक्ससांत कायदेशीर आहे. घात दोघांच्याही हातून होतो. भेद इतकाच कीं, एक त्याला खेळ म्हणतो, दुसरा म्हणत नाहीं.

आणि आमच्या मतें हा भेद लहान नाहीं. वनपर्वांतला मिथिलेचा धर्मव्याध डुकराचें व रेड्याचें मांस विकीत असे. तो स्वतः मारीत नसे. कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे ज्ञान घ्यावयास आला, तेव्हां त्यानें आपल्या धंद्याला सोज्ज्वळ ठरविण्याचा यत्न केला नाहीं. माझें हें कर्म घोर आहे यांत संशय नाहीं, असें तो प्रथम कबूल करतो. आणि मग नांगराच्या फाळाखालीं मरणाऱ्या असंख्य जीवांची आठवण देऊन शाकाहारी ऐकणाऱ्यालाही स्वस्थ बसूं देत नाहीं. घोर तें घोर म्हणावयाचें आणि तरी करावयाचें, ही मनाची स्थिति बिनहौशी सापळेवाल्याला निदान शक्य आहे. तिकीट काढून हेलिकॉप्टरांत बसलेल्याला ती शक्य नाहीं.

यावर एक आक्षेप घेतां येईल, आणि तो आम्हांस सहज झटकून टाकवत नाहीं. आनंद नसलेलें मारणें हें हळूहळू यंत्रासारखें होतें. हरणाचा शिकारी एका जनावराकडे तासन् तास पाहतो, पुष्कळदां न मारतां परत येतो. सापळेवाला वीस जनावरें पिलांसकट एका सकाळीं संपवितो. पाहण्यांत जी थोडी माया असते, तिला मोजण्यांत जागा कोठली? खरें आहे. मात्र ज्याला मोजणें नकोसें वाटतें, त्यानें तें दुसऱ्यावर सोंपविण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. आपल्याकडे रानडुक्कर मूळचेंच रहिवासी आहे, त्यामुळें कळपच्या कळप निपटून काढण्याचा प्रश्न येथें त्याच रूपांत येत नाहीं. परंतु भुईमूग, मका नि ऊस यांच्या कडेला माळ्यावर बसून, डबा बडवीत रात्री जागविणारा शेतकरी येथेंही आहे. शहरांतल्या आमच्यासारख्यांच्या अहिंसेचा खर्च बहुतांशीं त्याच्या खात्यावर पडतो, आणि तो कोणीं भरावा याविषयीं आपण त्याचें मत क्वचितच विचारलें आहे.

टेक्ससमधला सापळेवाला काम आटोपल्यावर जाळी लगेच हलवीत नाहीं. आंत थोडा मका टाकून तो आणखी कांहीं रात्री कॅमेऱ्यावर नजर ठेवतो, एखादें मागें राहिलें आहे कीं काय म्हणून. कोणी आलें नाहीं, तर जाळी उकलून पुढच्या ओढ्याकडे नेतो, आणि हंगामाची वेळ असेल तर उखडलेल्या जागेंत चवळीचें बीं टाकतो.