मांडून ठेवलेलं आयुष्य

पेठेतला म्हातारा दुकानदार वारला की चौकात फलक लागतो. मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. शब्द खोटे नसतात, पण मास्तर, तलाठी, कंडक्टर, कुणाच्याही फोटोखाली ते खपून जातात. साठ-सत्तर वर्षं हा माणूस गल्ल्यामागं बसून नेमकं काय करत होता, हे त्यांत कुठंच येत नाही.

१९३०च्या सुमाराला माधवनगरात जन्मलेला एखादा किराणा दुकानदार डोळ्यांपुढं आणा. जन्मला तेव्हा तो बुधगावकर पटवर्धनांची, म्हणजे मिरज धाकट्या पातीची प्रजा. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं. १९४९मध्ये तो दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६०मध्ये सांगली जिल्ह्यात, तेही गादीवरून न उठता. सरकारं बदलली तरी सकाळी फळ्या त्यालाच काढायच्या होत्या.

त्याच्यापर्यंत राज्य पोचलं ते नाण्यांतून आणि वजनांतून. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले आणि आण्याचा हिशेब कुठंच सरळ बसेना. एका आण्याला सव्वासहा पैसे पडतात, पण पाव पैसा कोण देणार? म्हणून कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस ठरले. आण्याची चहापूड चार वेळा नेली तर चोवीस पैसे, एकदम नेली तर पंचवीस. एका आण्याला दुकानदाराचा पाव पैसा बुडायचा, तीन आण्यांना गिऱ्हाइकाचा. पुढच्याच वर्षापासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. शेर ९३३ ग्रॅमचा. म्हणजे शेराच्या भावात किलो दिला तर दुकानदार बुडाला आणि किलोच्या भावात शेर दिला तर म्हातारी बुडाली. दिल्लीनं कायदा केला, तो म्हातारीला पटवून द्यायचं काम मात्र याच्या गळ्यात पडलं. दशमान पद्धत या देशात रुजली याचं श्रेय आपण नेहरूंना देतो, ते ठीकच. पण भांडणं गल्ल्यावर झाली आणि मिटलीही तिथंच.

मला महत्त्वाची वाटते ती उधारी. ‘आण्णा, आईनं मांडून ठेवायला सांगितलंय’ हे वाक्य पोरानं म्हणायचं असे, कारण मोठ्यांना म्हणायला लाज वाटे. माधवनगर ही मिलची आणि मागांची वस्ती. सूत महागलं, वीज गेली, माग बसले, की आठवड्याभरात ते उधारीच्या वहीत दिसायचं. तेल पाव किलोवरून छटाकावर यायचं. गूळ बंद व्हायचा. पाहुणे आले की मध्येच पावशेर रवा. कुणाच्या घरी नवरा पगार देत नाही, कुणाची सून माहेरी गेली, कुणी मुलाच्या फीसाठी महिन्याचा बाजार तोडला, हे सगळं त्याला कळायचं. आणि तो बोलायचा नाही. बोलला असता तर दुसऱ्याच दिवशी ते खातं समोरच्या दुकानात गेलं असतं, हा भाग आहेच. त्याच्या गप्प बसण्यात सौजन्य किती आणि धंदा किती, याची वाटणी करायला मी जाणार नाही. त्यालाही ती सांगता आली नसती. गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं-दुकानं जळाली, त्यानंतरही त्याच पेठांतून माल घेतला-दिला गेला. कुणाला काय माहीत होतं, हे कुठल्याही वहीत मांडलेलं नाही.

त्याला संत करायचं कारण नाही. डाळीत खडे असत, दिवाळीत साखर ‘संपलेली’ असे, आणि तागडीच्या एका बाजूला बोट किंचित जड पडल्याच्या तक्रारी प्रत्येक पेठेत आहेत. ‘कुटुंबवत्सल’ शब्दातही एक गोम आहे. पुढं दुकान, मागं घर. शेंगदाणे निवडायचे बायकोनं, पुड्या बांधायच्या मुलांनी, आणि या मजुरीची नोंद कीर्दीत एका ओळीचीही नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याबद्दल चितळे बंधूंची पुणेकरांनी पुष्कळ थट्टा केली. माझं मत उलटं आहे. ज्यांना तशी दुपार मिळाली त्या दुकानदारांच्या बायकांना निदान गरम भाकरी नवऱ्याबरोबर खाता आली.

ज्यांचं आयुष्य नोंदलं गेलं असे दुकानदारही आहेत. दाजीकाका गाडगीळ सांगलीचे. त्यांच्या घराण्याची सराफी पेढी १८३२पासून सांगलीतली. १९५८मध्ये त्यांनी पुण्यात दुकान काढलं आणि २०१४मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी सविस्तर लिहिलं. लिहायलाच हवं होतं. पण सराफाकडं माणूस लग्नाला आणि अडीनडीला जातो, किराणावाल्याकडं रोज. सराफाला घराण्याचे सणवार कळतात. महिन्याच्या पंचवीस तारखेला घरात काय शिजतं, हे कळतं किराणावाल्याला. आणि नेमकं तेच सांगण्यासारखं नसतं, म्हणून त्याच्यावर लिहायला कुणाजवळ काही उरत नाही.

तो गेला की वह्या राहतात. मुदतीच्या कायद्याप्रमाणं साध्या उधारीची वसुली तीन वर्षांत कोर्टात मागावी लागते. यातली खाती त्याहून किती तरी जुनी, काही तर देणारा आणि घेणारा दोघंही नसलेली. मुलं विचारतात, यांचं करायचं काय? स्थानिक इतिहास लिहिणारे म्हणतील, जपा. मजुरी, भाव, दुष्काळात लोकांनी काय खाल्लं, सगळं यात आहे. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि १९७२च्या दुष्काळातली अशी एखादी खतावणी मला स्वतःला वाचायला आवडेल. पण त्या पानांवर नावं आहेत, आणि त्यांची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहतात. मुलांनी त्या वह्या बंबात घातल्या तर मला हळहळ वाटेल. मी त्यांना अडवणार मात्र नाही.