हसलं कोण?

हसलं कोण? पुढे या. विंगेच्या पडद्याआड तिघं होतात. आवाज ओळखते मी, नावं घ्यायला लावू नका. तो पंखा आधी बंद करा, त्याच्या करकरीत बाईंचं बोलणं ऐकू आलं नाही ही सबब उद्या नको. आणि तू, बापाची भूमिका करणाऱ्या, तूही सतरंजीवर बस. तुझं नंतर काढते. तुला जास्त ऐकून घ्यावं लागणार आहे.

काय चाललं होतं समोर? बाप नेप्तीच्या मार्केटात कांदा घालून घरी आलाय. खिशातून हिशोबपट्टी काढतो. हमाली वजा, तोलाई वजा, टेम्पोचं भाडं वजा. खाली उरलेला आकडा तो बघतो. बायको विचारते, "काय आलं?" तो बोलत नाही. पट्टीची घडी घालतो. मग घडीची घडी, नखानं कड दाबत. मग आणखी एक. कागद बोटाच्या पेराएवढा झाला की म्हणतो, "पाणी दे." संहितेत फक्त "पट्टी खिशात ठेवतो" एवढंच लिहिलंय. घड्या या पोरानं स्वतः शोधल्या. दुसऱ्या घडीला मी वहीतलं पेन खाली ठेवलं होतं. आणि तिसऱ्या घडीला विंगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. "ए, हा रडतोय बघ."

का हसलात? त्यानं काय चुकवलं? वाक्य? जागा? काही नाही. गेली दोन वर्षं गॅदरिंगला त्यानं तुम्हाला हसवलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याचं तोंड दिसलं की हसायचं असं तुम्ही ठरवून टाकलंय. त्याचे हात बघितलेच नाहीत तुम्ही. नट समोर काम करतोय आणि तुम्ही त्याच्या जुन्या कामाला हसताय, याला बघणं म्हणत नाहीत.

हे मी पहिल्यांदा बघत नाहीये, म्हणून इतकी चिडलेय. १९९२ साली जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' आला. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातल्या बाईचा मुलगा आबूराव सोंगाड्या होतो, सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारण्यांच्या हाती लागतो. अख्खा महाराष्ट्र त्याला हसतो आणि त्याची स्वतःची लहानगी पोर काही केल्या हसत नाही. त्या पोरीसमोर बसलेल्या लक्ष्मीकांतचा चेहरा ज्यानं बघितला, तो त्याला पुन्हा नुसता 'लक्ष्या' म्हणणार नाही. मी थिएटरात होते. मध्यंतरात लोक उठत होते. "लक्ष्या हसवतच नाही राव," असं म्हणत पायऱ्या उतरत होते. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचा मिळाला. तिकीटखिडकीवर मात्र तो पडला. ज्यांनी लक्ष्मीकांतला डोक्यावर घेतलं होतं, तेच आले नाहीत. १६ डिसेंबर २००४ ला तो गेला, तेव्हा पन्नाशीचा होता. त्याला तसा दुसरा सिनेमा मिळालाच नाही. आता त्याच्या आठवणीचे व्हिडिओ एकमेकांना पाठवून डोळे पुसतात. तेव्हा तिकीट काढलं असतं तर?

तुम्ही आज त्या पायऱ्या उतरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. तेही विंगेत. प्रेक्षकांचं एक वेळ समजून घेईन मी, त्यांनी पैसे मोजलेले असतात. विंगेतल्या नटाला माफी नाही.

आणि नगर जिल्ह्यातल्या पोरांनी तर हे करूच नये. संगमनेर आपल्या जिल्ह्यात आहे. कांताबाई सातारकरांचा फड तिथला. बाई असून रंगमंचावर पुरुष भूमिका गाजवल्या त्यांनी. त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर, सोंगाड्या. सोंगाड्या म्हणजे काय ते कधी जत्रेत पुढे बसून बघितलंय? गवळणीत मावशीशी हुज्जत घालतो, बतावणीत जोडीदारानं टाकलेला शब्द वरच्या वर झेलतो. त्यातलं बरंचसं कागदावर नसतं. समोर हजार माणसं, त्यांतली काही प्यालेली, काही झोपलेली. वग ढिला पडला की तो उभा करायचा यानं, कुणी वाक्य विसरलं की सावरायचं यानं. चुकला तर लगेच कळतं, कारण हशा येत नाही. गंभीर नट चुकला तर प्रेक्षक गप्प बसतात आणि त्याला वाटतं, रंगलंय! हसवणाऱ्याला ती लपायची जागा नाही. हे ज्याला जमतं, त्याला तुम्ही "तो काय, कॉमेडीवाला" म्हणता? मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या एकीनं शेजारणीची भूमिका परत केली. "बाई, मला सिरियस काहीतरी द्या." मी गप्प बसले. चुकलं माझं, तेव्हाच बोलायला हवं होतं. अगं, त्या शेजारणीची चार वाक्यं चार ठिकाणी अर्धा सेकंद थांबून घ्यावी लागतात. ते अर्धे सेकंद तुला सापडले नाहीत म्हणून भूमिका हलकी झाली होय?

दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव केला, 'चौकट राजा'तला नंदू केला, 'झपाटलेला'तला तात्या विंचू केला, 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी केले. गांधीजी आणि 'शेवरी'तली भूमिका मिळून राष्ट्रीय पुरस्कार घेतला. यातला कुठला माणूस गंभीर आणि कुठला विनोदी, सांगा बरं. 'चौकट राजा'तच गणा म्हणून उभे राहिलेले अशोक सराफ बघा. तिथे एकदा तरी हशासाठी भुवई उडवलीय का त्यांनी? त्या माणसाला महाराष्ट्र भूषण मिळाला २०२३ सालचा, पद्मश्री २०२५ ला. पंचाहत्तरी उलटेपर्यंत थांबवलं आपण त्यांना. तिकडे केरळात सलीम कुमार या विनोदी नटाला २०१० सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सूरज वेंजारमूडूला २०१३ चा. मल्याळी प्रेक्षक त्यांनाही आयुष्यभर हसत होताच. पण जे समोर आलं ते बघायची तयारी त्यानं ठेवली.

आता तू. उठ.

ते हसले, ते चुकले. पण तू काय केलंस? तिसऱ्या घडीला तुझ्या कानावर ते फिस्स आलं, आणि तू डोळे तिरळे केलेस. ओठ पुढे काढलेस. मग ते मोठ्यानं हसले, आणि तुला बरं वाटलं. मी बघितलं तुझ्या चेहऱ्यावर, तुला बरं वाटलं! दोन घड्या कष्टानं उभा केलेला बाप तू एका हशापायी विकलास. त्या बापाचा कांदा मातीमोल गेला होता, वर तूही त्याला विकलास. लोक आपल्याला गांभीर्यानं घेत नाहीत म्हणून मागे माझ्यापाशी रडला होतास ना? मग आधी तू घे. हशा ओळखीचा असतो, उबदार असतो, कळतं मला. शांतता झाली की पोटात गोळा येतो, हेही कळतं. ती शांतता धरून ठेवायची. हात थरथरले तरी घडी घालायची.

सदाशिव अमरापूरकर माहितीयेत ना? आपल्या नगरचे. तुम्हाला 'सडक'मधली महाराणी ठाऊक, तिची नक्कल करता येते. 'हॅन्ड्स अप' नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना हेरलं आणि 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टी दिला. स्वस्थ बसून, आवाज न चढवता बोलतो तो, आणि समोरच्या इन्स्पेक्टरच्या अंगाचं पाणी होतं. १९८३ सालची गोष्ट. पुढे त्याच माणसानं 'कुली नंबर वन'मध्ये लग्नं जमवणारा मध्यस्थ करून लोकांना हसवलं. जाण्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, 'बॉम्बे टॉकीज'मधल्या दिबाकर बॅनर्जींच्या गोष्टीत ते एका वारलेल्या नाट्यगुरूच्या भूमिकेत आले. शिष्याला सिनेमात काम मिळालंय, रस्ता ओलांडताना हिरोला धडकायचं, बस्स. काम क्षुल्लक म्हणून शिष्याचा पाय मागे येतो. तर हा गुरू समोर उभा राहून त्याला झाडतो. मेल्यावरसुद्धा कानउघाडणी करायला येतो! ती गोष्ट घरी बघा सगळ्यांनी. धडकायच्या एका क्षणासाठी तो शिष्य मग किती तालीम करतो ते बघा, आणि उद्या मला सांगा.

पालकांचे फोन येतील, बाई फार बोलल्या म्हणून. येऊ देत.

तुम्ही तिघं विंगेत थांबायचं नाही. समोर, पहिल्या रांगेत बसायचं, मांडी घालून. त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. शेजारीण कुठेय? तुझी भूमिका तुलाच करायचीय, संहिता उचल. पट्टी चुरगळली असेल तर दुसरी लिहून घ्या, आणि आकडे नीट लिहा, हमाली-तोलाईसकट. बायकोच्या वाक्यापासून घेऊ. पंखा बंदच राहू दे.

"काय आलं?"

घे.