पन्नास रुपये कुणाच्या नावे?

काटकसर हा मध्यमवर्गाचा कुळधर्म आहे आणि सवलत हा कुळाचार. कुळधर्म पाळायचा तर मन मारावं लागतं. कुळाचाराला निदान गोडधोड तरी असतं. म्हणून आमच्या घरी काटकसरीचं नुसतं नाव घेतात आणि उपासना चालते ती सवलतीची. माझ्या लहानपणी चहाच्या पुड्यावरचा चौकोनी तुकडा कात्रीनं कापून डब्यात ठेवत. तसे ठरलेले तुकडे जमले की स्टीलचा एक चमचा मिळे. घरात चमचे उदंड झाले आणि वडिलांना पित्त झालं. आता कात्री गेली, फोन आला. तुकड्याला कूपन कोड म्हणू लागले. चमचा मात्र अजून आपल्याच पैशांचा असतो.

ज्यांना या पंथाची दीक्षा घ्यायची असेल त्यांच्यासाठी चार नियम सांगून ठेवतो. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं बसल्यामुळे फुकटचा सल्ला देण्याची सवय लागली आहे.

पहिला नियम, कूपन शोधण्याआधी भाव पाठ करा. ज्याला तूरडाळीचा भाव ठाऊक नाही त्याला सूट मिळाली की नाही हे कळणार कसं? महिनाभर एका वहीत नुसते भाव लिहा. दुसरा नियम, यादी आधी, कूपन नंतर. हा क्रम उलटला की जन्मभर पोहे खाल्लेल्या घरात ओट्सची तीन पाकिटं येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. तिसरा, बारीक अक्षर आधी वाचा. 'पन्नास टक्के सूट' हे भोपळ्याएवढं छापतात आणि 'जास्तीत जास्त पंचाहत्तर रुपये' हे मोहरीएवढं. आम्ही कर्जाचा कागद खालून वर वाचतो, तसंच कूपनही वाचावं. चौथा, भागाकार करा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा कितीदा तरी स्वस्त पडते. २०२१ साली नियम दुरुस्त करून वेष्टनावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतात तो दर छापणं सक्तीचं केलं गेलं. म्हणजे भागाकार आता सरकारनंच करून ठेवला आहे. आपण फक्त चष्मा पुसायचा. आणि 'एमआरपीवर वीस टक्के कमी' वाचून हुरळून जाऊ नका. एमआरपी म्हणजे कमाल किंमत. कमालीपेक्षा कमी घेणं ही काही कमाल नव्हे.

एवढं शिकलात की पहिली परीक्षा येते. ती आमच्या घरी अशी आली. टोपलीत सामान झालं नऊशे वीस रुपयांचं. हजारावर पन्नास रुपये सूट. सौभाग्यवतींनी ऐंशी रुपयांची बिस्किटं टाकली, हजार पुरे केले आणि नऊशे पन्नास दिले. तिचं म्हणणं, ऐंशीची बिस्किटं तीसला मिळाली. माझं म्हणणं, घरातून तीस रुपये जास्त गेले. वाचकहो, दोन्ही गणितं बरोबर आहेत. संसारात भांडणं चुकीच्या हिशेबावरून होत नाहीत, दोन बरोबर हिशेबांवरून होतात. बचत कशाच्या तुलनेत मोजायची, खर्चाच्या की मोहाच्या, हा प्रश्न आम्ही बिस्किटं खात खात बराच वेळ चर्चिला. बिस्किटं संपली, प्रश्न उरला.

पण माझ्या मनात घोळत होता तो वेगळाच प्रश्न. बी.कॉम.ला तीन वर्षं घासून माझ्या हाती एकच वाक्य लागलं आहे: जिथे जमा आहे तिथे कुठेतरी नावे आहे. एका खात्यात पन्नास रुपये जमा झाले तर ते दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलेच पाहिजेत. नाही तर संध्याकाळी ताळा जमत नाही आणि घरी जायला मिळत नाही. मग हे जे माझे पन्नास रुपये वाचले, ते कुणाच्या नावे पडले?

पहिला संशयित म्हणजे कंपनी. कूपनाचा शोध तिचाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अटलांटा शहरी कोका-कोलावाल्यांनी चिठ्ठ्या वाटल्या: ही दाखवा, एक पेला फुकट प्या. पेल्याची किंमत तेव्हा पाच सेंट. लोकांनी एक फुकट प्यायला आणि पुढचे पिढ्यान्‌पिढ्या विकत घेतले. तेव्हा कंपनीचं दान हे पेरणीसारखं असतं. शेतकरी मातीला धान्य दान करतो असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेतल्या कित्येक कूपनांवर 'रोख किंमत एक शतांश सेंट' असं छापलेलं असतं. म्हणजे अशी दहा हजार कूपनं नेऊन दिली तर एक डॉलर. आमच्या कॅशियरना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी अमेरिकेतल्या कॅशियरसाठी हळहळ व्यक्त केली.

दुसरा संशयित, घरपोच सामान पाठवणाऱ्या ॲपमागचा गुंतवणूकदार. गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी या मंडळींनी सुरुवातीला सवलतीवर बरेच पैसे ओतले. दूरदेशीच्या कुणा धनिकानं माझ्या साबणाला हातभार लावला असेल तर मला त्याचं वाईट वाटत नाही. किंवा थोडंसं वाटतं, कारण म्युच्युअल फंडात माझेही महिना पाचशे जातात. म्हणजे कदाचित माझ्याच डाव्या खिशातून उजव्या खिशात येत असतील आणि वाटेत कुणीतरी दलाली काढून घेत असेल.

तिसरा संशयित जरा नाजूक आहे: रांगेतलं दुसरं गिऱ्हाईक. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात दाखवलं, की एकच माल वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या भावानं विकता आला तर विकणाऱ्याचा फायदा वाढतो. अडचण एवढीच, की जास्त द्यायची तयारी कुणाची आहे हे ओळखायचं कसं? तोंडावर विचारलं तर आपण सगळेच गरीब. कूपन ही त्यावरची चाळणी. ज्याला पन्नास रुपयांची किंमत आहे तो शोधेल, कापेल, जपेल, तारीख लक्षात ठेवेल. ज्याला नाही, तो पुरी किंमत देऊन मोकळा होईल. श्रीमंत आळशी माणूस जास्त देतो, गरजू खटपट्या माणूस कमी देतो. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. वर अर्धा तास खटपट केली त्याची ती मजुरीही झाली. इथवर कूपनात मला काही गैर दिसत नाही. उलट हा गनिमी काव्यानं आणलेला समाजवादच वाटतो.

बरं, चाळणीच नको, सगळ्यांना एकच सरळ भाव लावा, असं कुणी म्हटलं तर? तोही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत जे. सी. पेनी नावाची कपडेलत्त्यांची मोठी दुकानं. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख झाले आणि २०१२च्या फेब्रुवारीत त्यांनी कूपनांचा सुळसुळाट बंद केला. वाढवायचं आणि कमी करायचं नाटक नको, रोजचा एकच रास्त भाव. वर्षभरात विक्री सुमारे पाव हिश्शानं घसरली. एप्रिल २०१३ मध्ये साहेब घरी गेले आणि कूपनं कामावर परत आली. यावर हसण्याआधी आपण आठवून बघावं. भाजीवालीनं पहिल्याच फटक्यात योग्य भाव सांगितला तर आपण किती अस्वस्थ होतो! माणसाला स्वस्त नको असतं, जिंकल्याची चव हवी असते.

तर चाळणी राहू द्या. पण आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींमुळे माझं लक्ष त्या चाळणीच्या भोकांकडे गेलं. कात्रीच्या काळात चाळणीतून खाली पडायला फक्त कात्री आणि चिकाटी लागायची. आता काय लागतं? चांगला फोन, हजाराची खरेदी, विशिष्ट बँकेचं क्रेडिट कार्ड (हे नेहमी आपल्या बँकेचं सोडून दुसऱ्या बँकेचं असतं) आणि पाच किलोचं पोतं ठेवायला घरात कोपरा. हे सगळं कुणाकडे आहे? ज्याला पन्नास रुपयांची कमी गरज आहे त्याच्याकडे. म्हणजे चाळणी तीच, पण कुणीतरी उलटी धरली आहे. मी पाच लिटर तेल सवलतीत घेतो आणि मावशी रोजचं पावशेर पुऱ्या भावानं. शाम्पूची पुडी तेवढी तिला न्याय देते. तेल, चहा, डाळ देत नाहीत.

सौभाग्यवतींनी यावर लगेच तोडगा काढला. मावशींना म्हणाली, "मावशी, तुमचं सामान आमच्याबरोबरच मागवू. सूट मिळेल ती तुमची."

मावशींनी पोछा बादलीत पिळला. म्हणाल्या, "वहिनी, म्हैन्याचं एकदम घ्यायचं तर पैसं एकदम पाहिजेत की. आन्‌ तुमच्या त्या फोनात उधारी लिवत्यात व्हय?"

"उधारी नाही लिहीत."

"मग वाणीच बरा. लाकडाऊनमधी चार घरची कामं बंद पडली, तवा दोन म्हैने वहीवर लिवून घेतलं त्यानं. त्याला सोडून कुठं जाऊ?"

आणि त्या भांड्यांकडे वळल्या. मी मात्र हातातला पेपर खाली ठेवला. बँकेत आम्ही ज्याला क्रेडिट म्हणतो त्याला मराठीत सुंदर शब्द आहे, पत. २०२० साली त्या वाण्यानं मावशींची पत ओळखली. जामीन नाही, तारण नाही, पगाराची स्लिप नाही. ओळख आणि एक मळकी वही. आमच्या शाखेत अशा कर्जाचा अर्ज टेबलावरून पुढे सरकला नसता. तो पुढे सरकवू नये असा नियमच आहे आणि नियम करणारे मूर्ख नाहीत. पण मावशींचं कूपन हेच आहे. त्याला किमान खरेदी नाही आणि अंतिम तारीखही नाही.

आता बँकेतल्या माणसाला न विचारता कळतं ते पुढचं. उधारी देणारा वाणी ती कशाच्या जोरावर देतो? रोखीच्या गिऱ्हाइकाच्या. पहिल्या तारखेला नोटा मोजून महिन्याचं सामान उचलणारा तो ठेवीदार, आणि वहीवर नेणारी ती कर्जदार. एकाच्या पैशावर दुसऱ्याचा महिना निघतो. आमचाही धंदा याहून वेगळा नाही. मी आणि माझ्यासारखे चाळीस बिऱ्हाडवाले कूपनासाठी फोनकडे वळलो, की वाण्याच्या बँकेतून ठेवी निघाल्या. ठेवी निघाल्या की कर्ज आटतं. मग एक दिवस तो दारावर पाटी लावतो, 'आज रोख, उद्या उधार'. ती पाटी आपण विनोदी समजतो. मावशी समजत नाहीत.

सापडलं नावे खातं! माझे पन्नास रुपये सगळेच्या सगळे तिच्या नावे पडत नसतील. काही कंपनीच्या, काही त्या धनिकाच्या, काही माझ्याच नावे. पण त्यातले चार-दोन रुपये निश्चित त्या मळक्या वहीत जाऊन पडतात, आणि कुणाची सही न घेता पडतात.

म्हणून कूपन घेणं पाप ठरतं का? माझ्या मते नाही. माझ्या पगारातही महिनाअखेर असते आणि साठ पावलं जास्त चालून पाच रुपये वाचवणारा माणूस चोर नव्हे. पण वाचवणारा म्हणून तो आपोआप सज्जनही होत नाही. आपण मध्यमवर्गीय लोक बचतीला सद्गुण समजतो. बचत ही नुसती रक्कम आहे. ती सद्गुण आहे की नाही हे समोरची बाजू पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. ताळा फक्त आपल्याच पानावर जमवला तर त्याला हिशेब म्हणत नाहीत, समाधान म्हणतात.

आमच्या घरी आता फाळणी झाली आहे. साबण, शाम्पू, ओट्स असल्या परदेशी वळणाच्या वस्तू फोनवरून, कूपन लावून. तेल, डाळ, तांदूळ, साखर वाण्याकडून, रोखीनं, पहिल्या आठवड्यात. यात महिन्याला साधारण दीडदोनशे रुपये जास्त जातात. सौभाग्यवतींनी ते कुठल्या सदरात लिहायचे असं विचारलं. 'धर्मादाय' लिहू नकोस म्हटलं, 'ठेव' लिही. तिनं 'किराणा' लिहिलं. तेच बरोबर आहे.

वाण्याला मात्र हे तत्त्वज्ञान मी मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं: ठेवी, कर्ज, पत, पिगू, सगळं. तो पुडी बांधता बांधता शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, एकदम बरोबर. आता आम्ही पण घरपोच देतो. फक्त सामान तेवढं हजाराच्या वर घ्या."