आपली टीम म्हणजे नक्की कुणाची?

२९ जून २०२५ ला मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, चेन्नई बुल्सनं दिल्ली रेड्झला ४१-० असं धुतलं आणि रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम जिंकला. बातमी एवढीच. पण जरा थांबून वाचा. चेन्नई जिंकली, पण चेन्नईत एकही सामना झाला नव्हता. दिल्ली हरली, तीही मुंबईत. मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कलिंग धरून सहा संघ, आणि १५ जूनपासूनचे सगळे सामने याच एका मैदानावर. कलिंग तर शहरसुद्धा नाही. प्रत्येक संघात फिजी, न्यूझीलंड, अर्जेंटिना, आयर्लंड अशा कुठल्या कुठल्या देशांतले नावाजलेले खेळाडू, आणि त्यांच्या जोडीला आपली भारतीय पोरं.

मी हे सामने कोल्हापुरात मोबाइलवर बघितले. ऑफिसचा कॉल आणि जेवण यांच्यामध्ये एक सामना आरामात बसतो, कारण सात-सात जणांची रग्बी पंधरा-वीस मिनिटांत आटपते. खेळ पहिल्यांदा बघणाऱ्याला एकच नियम चक्रावून टाकतो: हातानं पास द्यायचा तो पुढे देता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढं सरकायचं तर मागून कुणीतरी धावत येतंय यावर भरवसा ठेवावा लागतो.

मी मुंबई ड्रीमर्सच्या बाजूनं होतो. मित्रानं विचारलं, "का रं?" म्हटलं, "आपली टीम." तो म्हणाला, "त्यातलं आपलं काय हाय? मैदान सोडून?"

प्रश्न थट्टेतला होता, पण माझ्या डोक्यातून जाईना. पैसे घेऊन आलेला आणि दोन आठवड्यांनी विमान पकडणारा माणूस 'आपला' असू शकतो का? आपलेपण जन्मानं ठरतं, राहण्यानं ठरतं, की घामानं?

रग्बीनं या प्रश्नाचं उत्तर चक्क नियमात लिहून ठेवलंय. एखाद्या देशाकडून खेळायचं तर तुमचा जन्म तिथला हवा, किंवा आई-वडील, आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी, किंवा तुम्ही फक्त तिथल्याच संघटनेकडे सलग पाच वर्षं नोंदलेले हवेत. ही मुदत आधी तीन वर्षांची होती, नंतर वाढवली. हे वाचून मला सेतू कार्यालयातली रांग आठवली. महाराष्ट्रात डोमिसाइलला पंधरा वर्षं लागतात. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी ज्यानं ती कागदपत्रं गोळा केलीत, त्याला माहितीय की आपलेपणाला तलाठ्याचा दाखलाही लागतो!

नियम हवाच, त्याशिवाय कारभार चालत नाही. पण वर्षं मोजून आपलेपणा कळतो का? मायकल लीच न्यूझीलंडमध्ये जन्मला, पंधराव्या वर्षी शिकायला जपानला गेला आणि पुढं दोन वर्ल्ड कपमध्ये जपानचा कॅप्टन झाला. तो नक्की कुठल्या दिवशी जपानी झाला, हे कुठल्या दाखल्यावर लिहिणार?

कोल्हापूरकराला खरं तर हे कोडं नवीन नाही. शाहू महाराजांनी पंजाब-उत्तरेकडचे मल्ल इथं आणले, त्यांना आश्रय दिला, कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आम्ही कोल्हापूरचे म्हणून सांगतो. त्यांचं गाव एकसंबा, आज कर्नाटकात. हिंदकेसरी दीनानाथ सिंह उत्तर प्रदेशातून आले, इथल्या मातीत घडले आणि १९६६ ला महाराष्ट्र केसरी झाले. त्यांना कुणी परका म्हणत असेल, तर तो माणूस कोल्हापूरचा नसावा.

फुटबॉलमध्येही तेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अर्धं गाव गॅलरीत असतं. इथल्या संघांनी आफ्रिकेतनं आलेली पोरंसुद्धा खेळवलीत. कट्ट्यावरचे जुने लोक कुरकुरतात, "भाड्याचं पोरगं ते. आज आपल्यात, उद्या समोर." आणि त्याच पोरानं गोल मारला की तेच लोक सगळ्यात आधी उठून नाचतात. आम्ही ढोंगी आहोत असं नाही. दोन्ही भावना खऱ्या असतात, फक्त एकीला दुसरीचं काय करायचं ते कळत नाही.

भाड्याचा माणूस जीव तोडून खेळणार नाही, असा त्या कुरकुरीमागचा संशय असतो. रग्बी बघताना हा संशय टिकत नाही. शंभर किलोचा माणूस अंगावर धावत येत असताना त्याच्या मांड्यांना मिठी मारून त्याला खाली पाडायचं, हे काम अर्ध्या मनानं केलं तर आपणच मोडतो. पैसे घेतले म्हणून तो टॅकल खोटा होत नाही. पगारावर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे मुद्दाम सांगायची गरज नाही. मी एका परदेशी क्लायंटच्या प्रोजेक्टवर काम करतो. मीटिंगमध्ये "आपलं प्रॉडक्ट" म्हणतो. ते माझं नाही, माझ्या कंपनीचंही नाही. तरी रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर जो जीव कासावीस होतो, तो खराच असतो.

म्हणजे खेळणाऱ्याची निष्ठा तपासून आपल्या हाती फार काही लागत नाही. मला वाटतं, तपासायचं ते दुसऱ्या बाजूला, 'आपला' म्हणणाऱ्याकडे. एखाद्याला आपला म्हणताना आपण त्याच्याबद्दल कुठली जबाबदारी घेतो?

जपानचा सनवुल्व्ह्ज संघ आठवा. २०१६ मध्ये तो सुपर रग्बी या अनेक देशांच्या व्यावसायिक स्पर्धेत आला. संघात जपान्यांबरोबर कितीतरी देशांचे खेळाडू, 'घरचे' काही सामने थेट सिंगापूरला. पहिल्या हंगामात १५ पैकी एकच विजय. तरी टोकियोतले लोक लांडग्यासारखं हुंकारत स्टेडियमवर जात राहिले. हरणाऱ्या, गोळा केलेल्या संघाला त्यांनी आपला मानलं. संघटनेनं मात्र २०१९ मध्येच सांगून टाकलं की २०२० नंतर हा संघ स्पर्धेत नसेल. प्रेक्षकांनी शब्द पाळला, करार करणाऱ्यांनी हिशेब पाळला. त्याच २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये जपान पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, आणि त्या संघातले बरेच जण सनवुल्व्ह्जमध्ये खेळून तयार झालेले होते. संघ गेला तरी त्यानं घडवलेली माणसं राहिली.

आमच्या क्षेत्रात माणसाला रिसोर्स म्हणतात. प्रोजेक्ट संपलं की तो बेंचवर जातो आणि ग्रुपमधून त्याचं नाव गळतं. काल तो "अवर टीम" होता. खेळाडूचा गुडघा फाटला तरी वेगळं काय होतं? आपलेपणाची परीक्षा त्या दिवशी असते, ट्रॉफीच्या दिवशी नाही. पेठेनं बाहेरच्या पोराला खोली दिली असेल, त्याच्या पायाला प्लास्टर असताना कुणाच्या तरी घरून डबा जात असेल, तर तो पोरगा पुढच्या वर्षी समोरच्या संघातून खेळला तरी पेठेचाच. आणि डबा गेला नसेल, तर त्याचा जन्म मंगळवार पेठेतला असूनही तो भाड्याचाच होता. फक्त भाडं कमी होतं.

या मापानं रग्बी प्रीमियर लीगच्या संघांना शहरांची नावं देणं मला घाईचं वाटतं. चेन्नईनं त्या खेळाडूंना काही दिलं नाही, त्यांनीही चेन्नईला अजून काही दिलेलं नाही. नाव आधी लागलंय, नातं व्हायचंय. पण त्याच हंगामात एखाद्या भारतीय पोरानं ऑलिंपिक खेळलेल्या माणसाला मागून साथ दिली, त्यानं न बघता टाकलेला पास झेलला. तो अंदाज, ती वेळ साधणं आता त्या पोराच्या अंगात आहे, आणि ते करारासोबत संपत नाही. उद्या तो गावाकडच्या मैदानावर चार मुलांना ते शिकवेल, तेव्हा त्या हंगामातलं काहीतरी खरोखर आपलं झालेलं असेल.

मित्राला मी एवढंच सांगितलं की मुंबई ड्रीमर्स आपली आहे की नाही, ते मला अजून माहीत नाही. तो म्हणाला, "मग पुढच्या हंगामाला अंधेरीला जाऊन बघूया की. तिकीट काढ." मी तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत.