नळी धरणारे हात

‘चले जाव’ आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या कचेरीवर निघालेला मोर्चा निःशस्त्र होता. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या साऱ्या मुलखापुढे प्रश्न उभा राहिला: गोळी आली तर काय करायचे? दहशतवादी हल्ल्यानंतर ‘शांतता की बदला’ हा वाद पेटतो, तेव्हा मला हा मुलूख आठवतो.

इथले पहिले उत्तर प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर अशा लोकांच्या सरकारचे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सहकाऱ्यांनी हत्यार उचलले. कुंडलची तुफान सेना उभी राहिली. पण त्याच लोकांनी गावोगाव न्यायदानही सुरू केले. तळपायांवर मारण्याच्या ‘पत्री’च्या शिक्षेचे समर्थन मला करवत नाही. तरीही आपल्या बळाचा हिशेब गावाला द्यावा लागतो, ही जाण तिथे होती. जुलै १९४४ मध्ये पाचगणीत मुक्कामी असलेल्या गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे पुढे यायला सांगितले. काही जण हजर झाले, नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. गांधीजींचे म्हणणे मला आता अधिक पटते: लपून वापरलेल्या बळाला जाब कोण विचारणार?

बेचाळीसमध्ये भूमिगत झालेले देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण वीस वर्षांनी संरक्षणमंत्री झाले. पाकिस्तानबरोबरच्या युद्धात १ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांनी हवाई दलाला हल्ल्याची परवानगी दिली. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. बळ आता संसदेला उत्तरदायी होते.

मग मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. याच साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. खटला चालला, कटाचे धागे उलगडले, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली. त्याच खटल्यात दोन सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. क्षेपणास्त्राला असे कोणाला सोडता येत नाही.

मात्र सीमेपलीकडच्या सूत्रधारांपर्यंत आपले न्यायालय पोहोचले नाही, हेही तितकेच खरे. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये, पुलवामानंतर २०१९ मध्ये, पहलगामनंतर २०२५ मध्ये देशाने सैन्य वापरले. ज्याचा माणूस मारला गेला त्याला नुसता संयम शिकवणे मला निष्ठुर वाटते. पुन्हा मारायला येणाऱ्याचा हात रोखणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण रोखणे आणि सूड उगवणे यांत अंतर आहे, आणि ते राखायचे तर तीन प्रश्न विचारावेच लागतात: कोणावर, कोणत्या पुराव्यावर आणि कुठे थांबायचे?

हे प्रश्न विचारणाऱ्याला भेकड म्हणण्याआधी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावी जाऊन यावे. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान कामी आले आणि तिथली मुले आजही सैन्यात भरती होतात. प्रत्युत्तराच्या घोषणा गावोगाव होतात. किंमत मात्र अशा घरांत मोजली जाते. त्या घरांना या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली, तरच मुलगा मागायचा हक्क देशाला पोहोचतो.